‘संवेदनशील’ म्हणजे काय ते सांगा की!

पाटी वाचा : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मोबाइलवरच्या जाहिरातींबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की एकोणीस वर्षं मी पडद्याच्या कोपऱ्यातली ओळ लिहायचं काम केलं. ‘हिंसा, शिवीगाळ, मद्यपान’ असं लिहून येतं ना, ती ओळ. झालं! या महिन्याचं सगळं टपाल त्या ओळीवरच आलं.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते. अंधेरीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसून बघायचं. आधी एका वाहिनीच्या मालिका, नंतर वेब मालिका. समोर तक्ता. ‘२६ मिनिटं ११ सेकंद, शिवी, आईवरून.’ ‘३१ मिनिटं, सुरा, रक्त दिसतं.’ दिवसभर हे लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ बघताना माझ्या डोक्यात तक्ता भरत होता. (मद्यपान, दोन ठिकाणी. एकात आमचे हे.)

ताई, माझा नातू नऊ वर्षांचा आहे. शनिवार-रविवार आमच्याकडे असतो. टीव्हीवर काही लावलं आणि कोपऱ्यात ‘यू/ए १३+’ आलं की मी लगेच बंद करते. तो म्हणतो, आई तर बघू देते. सूनबाईही म्हणते की तुम्ही उगाच बंद करता. कोणाचं बरोबर?
— एक आजी, इचलकरंजी

सूनबाईचं बरोबर आहे, पण अर्धंच.

१३+ म्हणजे तेराच्या आतल्या मुलांना बंदी, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. तेराच्या आतलं मूल असेल तर मोठ्या माणसाने सोबत असावं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा तुम्ही बंद करू नका आणि सूनबाईने रिमोट हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊ नये. शेजारी बसायचं. मूल दचकलं तर ‘का रे, काय झालं?’ विचारायचं. त्या आकड्याची तेवढीच अपेक्षा आहे. बंदी फक्त ‘ए’ला. ते अठराच्या पुढच्यांसाठी.

हे आकडे तसे नवे आहेत. सिनेमासाठी १९५२ चा कायदा, त्यात ‘यू’ (सगळ्यांसाठी) आणि ‘ए’. १९८३ पासून मध्ये ‘यूए’ आलं, म्हणजे बाराच्या आतल्यांनी पालकांच्या सल्ल्याने बघावं. ओटीटीसाठी, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांसाठी, केंद्र सरकारचे नियम आले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. तिथे ‘यू/ए’चे तीन भाग केले : ७+, १३+ आणि १६+. मग २०२३ मध्ये सिनेमाचा कायदा बदलला आणि थिएटरलाही तेच तीन भाग लागू झाले. त्या ओटीटीच्या नियमांवर कोर्टात बरीच भांडणं झाली, पण पाट्या लावायची रीत पडली ती पडलीच.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. थिएटरमधल्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं. ओटीटीवरच्या मालिकेला तो आकडा ती कंपनी स्वतःच लावते. म्हणजे मी. म्हणजे माझ्यासारखी कोणीतरी बाई, जी त्या दिवशी दमलेली असू शकते. मी हे हसण्यावारी नेत नाही. आम्ही एका भागाला तिघं बसायचो आणि तिघांचे आकडे तीन निघायचे. एका सहकाऱ्याला भूत दिसलं की तो १६+ म्हणायचा आणि मारामारीला ७+ द्यायचा. मला भुताचं काही वाटायचं नाही, पण बाईच्या अंगावर हात उगारला की माझं पेन थांबायचं. मग मधला आकडा घ्यायचो.

म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या खालची ओळ वाचा. नियमच असा आहे की आत काय आहे ते सुरुवातीला शब्दांत सांगायचं : भाषा, हिंसा, नग्नता, लैंगिक प्रसंग, अमली पदार्थ, भय, भेदभाव आणि ‘अनुकरण होईल असं वर्तन’. हे शेवटचं सरकारी मराठीत फार कोरडं वाटतं, पण नऊ वर्षांच्या मुलासाठी मी सगळ्यांत आधी तेच बघीन. गच्चीच्या कठड्यावरून उडी, गळ्याला ओढणी, डोक्यात प्लॅस्टिकची पिशवी. शिवी ऐकून मूल फार तर शाळेत शिवी देईल. कठड्याचं तसं नसतं.

माझे वडील मिरजेला एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. सत्तरच्या दशकात ‘ए’ सिनेमा लागला की दारात त्यांची कसोटी. पोरं पँट घालून, भांग पाडून यायची. बाबा कागदपत्र मागायचे नाहीत, कोणाकडे असायचंच नाही. ते तिकीट हातात धरून विचारायचे, ‘घरी कोण कोण आहे?’ आणि उत्तर ऐकायचे नाहीत, आवाज ऐकायचे. आवाज फुटलेला नसला की तिकीट परत, पैसे परत आणि वर एक वाक्य, ‘दोन वर्षांनी ये, इथेच आहे मी.’ आता पडद्यावर ‘तुम्ही अठरा वर्षांचे आहात का?’ असं विचारतात आणि ‘हो’वर बोट ठेवलं की दार उघडतं. माझ्या भाच्याने जन्मसाल १९०० टाकलं होतं. एकशेवीस वर्षांच्या माणसाला कोणी विचारलंसुद्धा नाही, की आजोबा, बरे आहात ना?

तुमच्याकडे त्या दारावर पिनचं कुलूप लावता येतं. १३+ आणि त्याच्या वरच्या सगळ्याला ते लावायची सोय कंपन्यांनी द्यायची, हेही त्याच नियमांत आहे. लावा. पण पिन नातवाचं जन्मसाल ठेवू नका. सगळ्या आज्या तेच ठेवतात आणि सगळ्या नातवांना ते माहीत असतं.

सिगारेट दिसली की खाली मोठ्ठ्या अक्षरांत ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’. चांगल्या दृश्याचा विचका! हे बंद व्हावं म्हणून तुम्ही काही का लिहीत नाही?
— एक सिनेमावेडा, पुणे

लिहिणार नाही. थिएटरमध्ये ती ओळ २०१२ पासून आहे, ओटीटीवर सप्टेंबर २०२३ पासून. सिनेमाआधीच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत जो मुकेश यायचा तो भुसावळचा मुलगा. चोविसाव्या वर्षी गेला. आमच्या खोलीत ती जाहिरात दिवसातून चार वेळा लागायची आणि चारही वेळा चहावाला पोरगा दाराशी थांबायचा, संपेपर्यंत. तुमच्या दृश्याचा विचका झाला असेल. होऊ दे.

मी आठवीला शिकवतो. मुलांच्या मोबाइलवर एखादं चित्र धूसर करून ‘संवेदनशील आशय’ असं लिहून आलं की सगळी मुलं आधी तेच उघडतात. मग या सूचनेचा उपयोग काय? उलट ती आमंत्रणच वाटते.
— एक शिक्षक, नाशिक जिल्हा

गुरुजी, आमंत्रण तर आहेच. बाबांच्या टॉकीजचा पेंटर पोस्टर रंगवताना गोलातला ‘ए’ नटीच्या चेहऱ्याएवढा काढायचा. मालकाची तशी सूचनाच असायची. तो ‘ए’ बघून जे आत जायचे त्यांच्यातले निम्मे मध्यंतरात शिव्या देत बाहेर यायचे, कारण आत डॉक्टरचा कोट घातलेला माणूस कुटुंबनियोजनावर भाषण देत असे.

अभ्यासही तुमच्याच बाजूने बोलतात. ‘पुढे त्रासदायक मजकूर आहे’ अशा सूचनांवरचे डझनभर अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी एकत्र करून पाहिले. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा, की सूचना वाचून माणसाला होणारा त्रास कमी होत नाही. उघडायच्या आधीची धाकधूक तेवढी वाढते आणि टाळायचं म्हणाल तर लोक टाळतही नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला एकोणीस वर्षं वाया गेल्यासारखं वाटलं होतं. मग एक जुनं पत्र आठवलं.

एक चांगली, संथ कथा होती. म्हातारे वडील, परदेशातला मुलगा, अंगणातलं पारिजातकाचं झाड. दोन तासांत एक शिवी नाही. शेवटाकडे चार सेकंदांचं एक दृश्य होतं, त्यात ते वडील स्वतःला संपवतात. मी तक्त्यात ‘आत्महत्या’ असा शब्द लिहिला. वरून निरोप आला, हा शब्द कोपऱ्यात लिहिला तर शेवट आधीच कळेल, ‘प्रौढ विषय’ लिहा. मी दोन दिवस भांडले आणि हरले. ‘प्रौढ विषय’ गेलं. काही महिन्यांनी एका बाईंचं पत्र आलं. तक्रार अशी नव्हती. लिहिलं होतं, ‘आमच्या घरी हे घडलंय. तुम्ही एक शब्द लिहिला असता तर त्या रात्री मी दुसरं काहीतरी लावलं असतं.’

गुरुजी, ‘प्रौढ विषय’ वाचून त्या बाईंना काय कळणार होतं? आणि ‘संवेदनशील आशय’ वाचून तुमच्या मुलांना काय कळतं? त्या धूसर चौकोनामागे अपघात आहे, उघडं अंग आहे, साप आहे की शस्त्रक्रिया, काही पत्ता नाही. पिशवीत काय आहे ते न सांगता ‘उघडू नकोस’ म्हटलं तर मीसुद्धा उघडीन. ‘जळालेल्या माणसाचा फोटो आहे’ असं लिहिलं, तर वर्गातली निम्मी मुलं तरीही उघडतील. पण ज्या मुलाची आई स्टोव्हने भाजली आहे तो उघडणार नाही. ती ओळ त्याच्यासाठी असते, बाकीच्या चाळीस जणांसाठी नसतेच. त्या अभ्यासांत सरासरी काढतात आणि सरासरीत तो एकटा मुलगा दिसत नाही, असं आपलं माझं मत. संशोधक माझ्याशी भांडू शकतात.

वर्गात एक खेळ घ्या. मुलांना माहीत असलेल्या गोष्टीला ओळ लिहायला सांगा. मी भाच्याकडून चिऊ-काऊची करून घेतली होती. त्याने लिहिलं, ‘७+. अतिवृष्टी, घर वाहून जाणे, शेजारणीने भिजत उभे ठेवणे.’ मग स्वतःच म्हणाला, ‘मावशी, चिमणी वाईट आहे का गं?’ ओळ लिहायला बसलं की गोष्ट नीट बघावी लागते.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुलत सासरे रोज अपघातांचे फोटो-व्हिडिओ टाकतात. रस्त्यावर पडलेली माणसं, रक्त, सगळं. खाली लिहितात, ‘हेल्मेट वापरा’. माझे दीर तीन वर्षांपूर्वी दुचाकीवरच गेले. सासूबाईंच्या हातातही फोन असतो. परवा त्यांनी असाच एक फोटो उघडला आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. सासरे वडीलधारे, बोलायचं कसं?
— सही नको, अहिल्यानगर जिल्हा

आधी सासूबाईंचा फोन हातात घ्या. आजच. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा. तिथे मीडिया आपोआप डाउनलोड होण्याची सोय असते : मोबाइल डेटावर, वायफायवर, रोमिंगमध्ये. तिन्ही ठिकाणच्या खुणा काढून टाका. यापुढे कोणाचाही फोटो आला की तो धूसर दिसेल आणि मधोमध खाली जाणारा बाण असेल. बाण दाबल्याशिवाय काही उघडणार नाही. नातवंडांचे फोटो बघायलाही बाण दाबावा लागेल, तेवढी कटकट आहे. दुसरं, त्या ग्रुपच्या माहितीत जाऊन ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, म्हणजे ते फोटो गॅलरीत देवदर्शनाच्या फोटोंशेजारी जाऊन बसणार नाहीत.

आता चुलत सासरे. त्यांच्या मनात वाईट नाही, ते हेल्मेटबद्दल खरंच कळकळीने सांगताहेत, म्हणून तर अवघड. ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलू नका. तुम्हीही बोलू नका, तुमच्या यजमानांनी फोन करावा. फोन करावा, मेसेज नाही. आणि हेल्मेटचा वाद घालू नये. एवढंच म्हणावं, ‘काका, आईने परवाचा फोटो उघडला. तिला त्यात दादा दिसला.’ पुढे काही बोलायची गरज पडू नये.

ते म्हणाले, मग मी सावध करण्यासाठी टाकूच नको का? तर रीत सांगा. फोटोखाली ‘कमकुवत मनाच्यांनी बघू नये’ असं लिहितात ना, ते निरुपयोगी आहे. आधी डोळा फोटोवर जातो, मग अक्षरांवर. आधी नुसता मजकूर पाठवायचा : ‘अमुक घाटात ट्रक आणि दुचाकीचा अपघात झाला, दोघे गेले, हेल्मेट नव्हतं. फोटो आहेत, कोणाला हवे असतील तर मागा.’ कोणी मागत नाही, बघा तुम्ही. अगदी पाठवायचाच झाला तर ‘एकदाच पाहा’ अशी सोय आहे, तो फोटो दाबल्याशिवाय दिसत नाही आणि पुढे ढकलताही येत नाही.

शेवटचं त्यांना सांगाच. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली, पंचवीस माणसं गेली. सकाळी चहा व्हायच्या आत माझ्या फोनवर चार गटांतून ते फोटो आले होते. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरांना फोटो आधी दिसला आणि बातमी नंतर कळली असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. त्याच वर्षी जानेवारीत माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना लेखी बजावलं होतं, की रक्त, मृतदेह, मारहाण जवळून दाखवू नका, झाकल्याशिवाय दाखवू नका आणि समाजमाध्यमांवरून उचललेली चित्रफीत तशीच्या तशी लावू नका. वाहिन्यांना निदान कोणी पत्र लिहितं. काकांना कोण लिहिणार? घरातलंच कोणीतरी.

एक कायद्याचंही. अपघात नसून अत्याचाराची बातमी असेल तर पीडितेचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही पुढे पाठवणं गुन्हा आहे. ‘न्याय मिळावा म्हणून शेअर करा’ असं वर लिहिलं तरी गुन्हाच.

मी परिचारिका आहे. बाळंतिणींना स्तनपान शिकवण्याचे मराठी व्हिडिओ करते. एका ठिकाणी माझ्या व्हिडिओवर ‘फक्त १८ वर्षांवरील’ अशी पाटी लागली. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली एकोणीस-वीसच्या असतात, लाजऱ्या असतात. ती पाटी बघून त्या उघडतच नाहीत. मी काही घाण करते आहे का?
— एक परिचारिका, कोल्हापूर

बाई, तुम्ही फार जुन्या आणि मानाच्या रांगेत उभ्या आहात.

र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते, १९५३ मध्ये गेले तोपर्यंत. त्यातही असंच वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर होतं. लोक लाजत लिहायचे, कर्वे न लाजता उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता : मासिकच लैंगिक शिक्षणाचं आहे, वाचकांनी त्याबद्दल विचारलं, तर उत्तर का द्यायचं नाही? खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. त्यांनी मासिक चालूच ठेवलं.

तेव्हा न्यायाधीशाने निदान तो अंक हातात घेतला होता. तुमचा व्हिडिओ बहुधा कोणी माणसाने पाहिलेलाही नाही. यंत्राने उघडी त्वचा मोजली आणि पाटी ठोकली. दूध पाजणारी आई आणि दुसरं काही यांतला फरक त्याला त्वचेच्या क्षेत्रफळावरून कळत नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या लेखी धोरणात स्तनपान आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे फोटो यांना सूट असते. सूट कागदावर असते आणि पाटी व्हिडिओवर.

तेव्हा भांडा. फेरतपासणी मागताना ‘अन्याय झाला’ असं मोघम लिहू नका. त्यांच्याच धोरणातलं स्तनपानाचं वाक्य उचलून लिहा, व्हिडिओत कितव्या सेकंदाला काय दिसतं तेही लिहा. माझ्या तक्त्यासारखं. तेवढ्याने नाही झालं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तोही नाही म्हणाला तर २०२३ पासून सरकारच्या तक्रार अपील समित्या आहेत, तीस दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही.

आणि तोवर एक तडजोड. तुम्ही रुग्णालयात कापडी बाहुली आणि विणलेला स्तन वापरत असाल ना? व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर तेच ठेवा, पकड कशी असावी हा भागही आधी त्यावरच दाखवा. खरं बाळ, खरी आई नंतर. आणि सुरुवातीला तुमच्या आवाजात सांगा, ‘यात एक आई बाळाला पाजताना दिसेल, छाती दिसेल. घरात कोणी असेल तर कानात हेडफोन घाला, नसेल तर खुशाल बघा.’ कोल्हापुरी आवाजात हे ऐकल्यावर एकोणीस वर्षांची पोरगी त्या १८+ ला घाबरणार नाही. ती तर अठराच्या वरचीच आहे, हे तिला कोणीतरी सांगितलं पाहिजे.

तुमचा शेवटचा प्रश्न मी वाचलाच नाही असं समजते.

माझी मुलगी चौदा वर्षांची. परवा रात्री तिने फोन माझ्यापुढे धरला. कोणा अनोळखी माणसाने तिला फोटो पाठवला होता. तो धूसर होता आणि वर लिहिलं होतं, यात नग्नता असू शकते. तिने उघडला नव्हता. मी फोन काढून घेतला. आता तो कपाटात आहे. काय करू? मी तो फोटो बघायला हवा का?
— एक आई, डोंबिवली

फोन आधी तिला परत द्या. मी हे सगळ्यांत वर लिहिते आहे, कारण बाकीचं उद्या केलं तरी चालेल. तिने तुमच्यापुढे फोन धरला. पुढच्या वेळी धरावा असं वाटत असेल तर या वेळची शिक्षा तिला होता कामा नये. कपाटात तिचा फोन आहे, त्या माणसाचा नाही.

तो धूसरपणा कुठून आला ते सांगते, म्हणजे तिलाही सांगता येईल. अलीकडच्या काही वर्षांत फोनमध्ये आणि काही अॅपमध्ये ही सोय आली आहे. फोटो आला की फोनमध्येच यंत्र तो तपासतं आणि उघडं अंग वाटलं तर झाकून ठेवतं. अल्पवयीन मुलांच्या खात्यांवर बऱ्याच ठिकाणी ते आधीपासून चालू असतं. वरच्या पत्रात मी त्या यंत्राला नावं ठेवली. इथे त्याने काम चोख केलं. आणि बघा, इथली ओळही नुसतं ‘संवेदनशील’ म्हणत नाही, ‘नग्नता’ म्हणते. चौदा वर्षांच्या मुलीला तेवढ्या एका शब्दावर ठरवता आलं.

आता पुरावा. फोटो उघडायचा नाही. तो झाकलेला असतानाच पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या. पाठवणाऱ्याचं खातं किंवा नंबर, तारीख, वेळ त्यात दिसू दे. आधीचं काही बोलणं असेल तर त्याचेही स्क्रीनशॉट. मग त्याला ब्लॉक करा, अॅपकडे तक्रार करा. खातं डिलीट करू नका. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे, तिथे तक्रार होते. जवळच्या पोलीस ठाण्यातही होते. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८. मुलाला असं काही दाखवणं हा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली लैंगिक छळाचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘नुसता फोटोच तर आहे’ असं म्हणून कोणी परत पाठवू लागलं तर हे सांगा.

दुसऱ्या कोणाला, अगदी तिच्या मामाला किंवा वर्गशिक्षिकेला सावध करण्यासाठीही, तो फोटो पुढे पाठवू नका. त्यात कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. एखादं मूल असलं तर पाठवणारे तुम्हीही गुन्ह्यात अडकता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तर स्पष्टच केलं, की तसं चित्र नुसतं बाळगणंही गुन्हा ठरू शकतं.

तुम्ही बघायला हवा का? नको. तक्रारीसाठी त्याची गरज नाही, जे बघायचं ते पोलीस बघतील. तुम्हाला बघावंसं वाटतंय ते मला कळतं. काय होतं ते माहीत असलं की मन शांत होईल असं वाटतं. एकोणीस वर्षं बघण्याचाच पगार घेतला मी, मन शांत झाल्याचं आठवत नाही. शिवाय तिने तो उघडला नाही. तुम्ही उघडलात तर जेवताना, अभ्यासाला बसवताना तिच्याकडे बघून तुम्हाला तो आठवत राहील आणि तिला ते कळेल. मुलींना कळतं.

फोन परत देताना काय बोलायचं असं पुढचं पत्र येईल म्हणून आत्ताच सांगते. ‘बरं केलंस’ म्हणा आणि जेवायला वाढा.